पापणीचा रंग

मिरजेच्या एका दवाखान्यातल्या लॅबमध्ये मी गेली सत्तावीस वर्षं रक्त तपासते. सकाळी साडेसातला कोट चढवायचा, मशीन सुरू करायचं, वॉर्डातून आलेल्या नळ्या ओळीनं लावायच्या. दिवसाला साठ-सत्तर माणसांचं रक्त डोळ्यांखालून जातं. सुरुवातीला प्रत्येक नळीमागं माणूस दिसायचा, आता नंबर दिसतो. खांदा दुखतो, पाय सुजतात, आणि दिवसातून कितीदा तरी कुणीतरी खिडकीशी येऊन तोच प्रश्न विचारतं, "रिपोर्ट बरोबर असंल न्हवं?" मी "हो" म्हणते. गेल्या वर्षापासून ते "हो" तोंडातून निघायला थोडा वेळ लागतो. त्याचं कारण आईच्या आजारपणात आहे, आणि त्याच्याही आधी आबांच्या डोळ्यांत.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव जत तालुक्यात, पार पूर्वेला. आणखी दोन-चार गावं ओलांडली की लोक कानडीच बोलतात. आम्ही धनगर. मी लहान असताना आमच्याकडं दीडशेवर मेंढरं होती. दिवाळी झाली की आबा आणि चुलते कळप घेऊन पश्चिमेला निघायचे. आष्ट्याच्या बाजूला काळ्या रानांत मेंढरं बसवायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. शाळेमुळं मी गावात मावशीकडं राहायचे, पण सुट्टी लागली की कळपाबरोबर असायचे.

संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात घेताना आबा तोंडाशी बसायचे. एखाद्या मेंढराची चाल त्यांना खटकायची. मग डाव्या हातानं त्याचं तोंड धरायचं, उजव्या अंगठ्यानं खालची पापणी ओढायची आणि आत बघायचं. इतकंच. "रगत हाय," नाहीतर "रगत न्हाई." मेंढराच्या पोटातले जंत रक्त पितात आणि जनावर आतून रिकामं होत जातं. वर लोकर असते, म्हणून ते कुणाला दिसत नाही. आबांनी "न्हाई" म्हटलेलं मेंढरू बाजूला काढून त्याला औषध दिलं जायचं. एकदा चुलत्यांनी त्यांचं ऐकलं नाही, "चरतंय की चांगलं" म्हणाले. नवव्या दिवशी ते मेंढरू ओढ्याच्या काठाला मरून पडलेलं सापडलं. आबांचं चुकलेलं मी तरी तोवर पाहिलं नव्हतं.

मला ते शिकायचं होतं.

"आबा, कसं वळकायचं?"

"बघायचं."

"काय बघायचं पण?"

"आतलं लाल हाय का न्हाई त्ये."

"मला सगळीच लाल दिसत्यात."

"मग आजून बघ," ते म्हणायचे. यापलीकडं त्यांना सांगता यायचं नाही. ते लपवत होते असं नाही. माणसाला चेहरा ओळखता येतो, पण कसा ओळखला हे सांगता येत नाही, तसं ते होतं.

पुढं मी लॅबच्या कोर्ससाठी सांगलीला गेले. आमच्या घरातून इतकं शिकायला गेलेली मी पहिलीच. तिथं जुन्या पद्धतीनं रक्त मोजायला शिकवलं. काचेच्या नळीत आम्ल घ्यायचं, त्यात रक्त सोडायचं, ते तपकिरी झालं की शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंबथेंब पाणी घालायचं. पाणी जिथवर चढलं तो आकडा वाचायचा. मला पहिल्याच दिवशी आबा आठवले. तेही रंगच बघत होते, फक्त त्यांच्याकडं शेजारी ठेवायची काच नव्हती.

सुट्टीत मी सरांना विचारून ती नळ्यांची पेटी गावी नेली. आबांना म्हटलं, बारा मेंढरं काढा आणि सगळ्यात जास्त रक्त असलेल्यापासून सगळ्यात कमीपर्यंत ओळ लावून सांगा. त्यांनी एकेकाची पापणी ओढून बघितली आणि सांगत गेले, मी वहीत लिहीत गेले. मग त्यांनी मेंढरू धरायचं, मी मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, असं बारा वेळा. दुपारभर बाजेवर बसून मी आकडे काढले. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर दहा मेंढरं जागच्या जागी होती आणि उरलेली दोन एका जागेनं मागंपुढं. त्या दोन्हींच्या आकड्यांत फरक इतका कमी होता की चूक माझीही असू शकत होती.

मी धावत जाऊन आबांना सांगितलं. त्यांनी वहीकडं बघितलंसुद्धा नाही.

"मला ठावं न्हवतं व्हय?" ते म्हणाले. "आन् त्यास्नी उगं सुया टोचल्यास."

त्या दिवशी त्यांच्यासाठी काहीच बदललं नाही. बदललं ते माझ्यासाठी. आधी मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचे तो लेक म्हणून. आता माझ्याकडं वही होती.

मिरजेला नोकरी लागल्यावर ही गोष्ट मी आमच्या लॅबच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगितली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, कडक शिस्तीच्या बाई. मी म्हटलं, "त्यांना कारण एकही सांगता येत नाही, मॅडम. तरी बरोबर येतं."

त्या म्हणाल्या, "मशीनला तरी कुठं कारण सांगता येतं? आपण मशीनवर विश्वास का ठेवतो?"

"महागाचं आहे म्हणून," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

"रोज सकाळी कंट्रोल लावतो म्हणून," त्या म्हणाल्या. कंट्रोल म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असं तयार रक्त. पेशंटच्या नळ्या लावायच्या आधी ते मशीनमध्ये घालायचं. ठरलेल्या मर्यादेत आकडा आला तर मशीन आज ठीक आहे, नाही आला तर पेशंटची एकही नळी लावायची नाही. "काल ते बरोबर होतं याचा आज उपयोग नाही. तुमच्या वडिलांचं बरोबर येतं, चांगलं आहे. पण उद्या चुकायला लागलं तर त्यांना कुठून कळेल?"

तेव्हा मला त्यांचा थोडा राग आला होता. शिकलेल्या लोकांना अडाण्याचं कौतुक जिवावर येतं, असं काहीतरी मनात आलं. मग काम वाढलं आणि विसरून गेले.

वर्षं गेली. कळप कमी होत होत वीस-बावीस मेंढरांवर आला. म्हैसाळ योजनेच्या कालव्याच्या पाण्यानं आमच्या बाजूला थोडी बाग झाली, भावानं डाळिंब लावलं, आबांची पायपीट थांबली. आबा आता ऐंशीच्या घरात, आई पंच्याहत्तरीची. मी महिन्यातून एका रविवारी गावी जाते. सकाळची एसटी धरायची, कवठे महांकाळ मागं टाकायचं, दुपारी घरी पोचायचं, चार वाजता परत निघायचं. सोमवारी ड्युटी असतेच.

मागच्या उन्हाळ्यात आई म्हणाली, "दम लागतुया गं. पानी आनाय गेलं तरी मधी बसावं लागतंय."

मी अंगणात पाय पसरून बसले होते. आठवडाभराचा शीण अंगात होता. म्हटलं, "दवाखान्यात चल एकदा."

"कुटं येऊ तितक्या लांब. गुडघं वर उचलत न्हाईत." गुडघ्यांसाठी ती गावातल्या दुकानातून गोळ्या आणून खात होती, हे मला माहीत होतं. सगळ्याच म्हाताऱ्या खातात.

आबा तिथंच बसले होते. ते उठले, आईच्या पुढ्यात बसले, आणि अंगठ्यानं तिची पापणी खाली ओढली. बायको म्हणून काही वेगळं नाही, मेंढराची ओढावी तशीच. आई म्हणाली, "सोडा, डोळ्यात जातंय बोट." आबांनी दोन्ही डोळे बघितले.

"रगत हाय चांगलं," ते म्हणाले. "वय झालंय. दुसरं काय न्हाई."

मला बरं वाटलं. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढं मी बरंच काही आबांवर ढकललं. मला खरंच बरं वाटलं. सत्तर माणसांचं रक्त रोज तपासणाऱ्या बाईला आपल्या आईचं रक्त काढायचं सुचलं नाही. पिशवीत नळ्या नेहमी असतात, त्या दिवशीही असतील. आबांनी सांगितलं म्हणजे झालं, असं म्हणून मी चारची एसटी पकडली. पुढच्या दोन्ही खेपांना आई तेच म्हणाली, मी आबांकडं बघितलं, आबांनी तेच सांगितलं. दुसऱ्या खेपेला तर पापणी न बघताच.

पावसाळा सुरू झाला त्या आठवड्यात भावाचा फोन आला. आई न्हाणीतून बाहेर येताना चक्कर येऊन पडली होती. गाडी करून तिला मिरजेला आणलं. मी दारात उभी होते. स्ट्रेचरवरून तिला उतरवताना तिचे ओठ बघितले आणि मला कळलं. मशीन लागलं नाही, अंगठाही लागला नाही. लॅबमध्ये पाऊल ठेवलेलं कुणीही ओळखलं असतं, इतकी ती पांढरी पडली होती.

रक्त मीच काढलं, मीच लावलं. हिमोग्लोबिनचा आकडा आला पाच पॉइंट दोन, बाराच्या आसपास हवा तिथं. मी नळी हलवून पुन्हा लावली. पाच पॉइंट एक. सकाळचा कंट्रोल काढून बघितला, तो चोख होता. तरी तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा शेजारच्या टेक्निशियननं माझ्या हातातून नळी घेतली. "मॅडम, आकडा बरोबर आहे. तुम्ही वर जा," ती म्हणाली.

आईला रक्ताच्या पिशव्या लावल्या. डॉक्टर म्हणाले, पोटात कुठंतरी हळूहळू रक्त वाहतंय, बरेच महिने झाले असणार.

आबा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते, पटका गुडघ्यावर ठेवून. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"आबा, तुमी पापणी बघितली व्हती न्हवं?"

"बघितली की. तुझ्यासमोरच बघितली."

"मग?"

"लाल व्हती."

"लाल नव्हती, आबा. लाल असणं शक्यच नव्हतं."

"मला लाल दिसली," ते शांतपणे म्हणाले. "खोटं कशापायी बोलू? माजी बायकू हाय ती."

मला खूप बोलायचं होतं. आयुष्यभर तुमचं ऐकलं, वगैरे. पण मी सकाळपासून उभी होते, पोटात अन्न नव्हतं, आणि भांडायला जी ताकद लागते ती नव्हती. मी त्यांच्या शेजारी बसले. मग आबा समोर बघत म्हणाले, "हितल्या भिती आसल्या पिवळ्या का रंगवल्यात? आजाऱ्याला बरं वाटंल आसला रंग लावावा."

भिंती पांढऱ्या होत्या. त्याच उन्हाळ्यात रंगवलेल्या, डोळ्यांवर येण्याइतक्या पांढऱ्या.

मी त्यांना खिडकीशी नेलं आणि उजेडात त्यांचे डोळे बघितले. दोन्ही बाहुल्यांत जुन्या मधासारखा रंग साचला होता. इतक्या रविवारांत मी त्यांच्या डोळ्यांकडं असं एकदाही बघितलं नव्हतं. त्यांना विचारलं, "आबा, तुमाला दिसतंय का नीट?"

"दिसतंय की. पैल्यावानीच दिसतंय."

ते खरं बोलत होते. मोतीबिंदू असा येतो की माणसाला काल आणि आजमध्ये फरक सापडत नाही. आतून त्यांना काहीच वेगळं जाणवत नव्हतं. त्यांनी अंगठा तसाच लावला होता, तितकंच लक्ष देऊन बघितलं होतं, आणि पूर्वी वाटायची तितकीच खात्री त्यांना वाटली होती. रीतीत कुठं चूक नव्हती. फक्त मधली काच पिवळी झाली होती आणि ती त्यांच्याच डोळ्यांत होती. डॉक्टरीणबाईंनी कित्येक वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न मला तिथं, त्या खिडकीशी, समजला.

तिसऱ्या दिवशी जे झालं ते मी घरी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

दोन दिवस मी आईपाशी बसून होते आणि सकाळी तशीच खाली लॅबमध्ये आले होते. राऊंड लवकर सुरू झाली होती. डॉक्टरांनी फोन केला, "मॅडम, आईंचा एचबी आत्ता कळवा. सातच्या वर असेल तर लगेच दुर्बिणीतून पोट बघून घेऊ, नाहीतर अजून एक पिशवी लावू आणि उद्या बघू." मशीन नुकतंच सुरू केलं होतं. कंट्रोल फ्रीजमध्ये होता. तो बाहेर काढायचा, कोमट होऊ द्यायचा, हलवायचा, लावायचा, म्हणजे अर्धा तास तरी गेला असता. मी आईची नळी लावली. सात पॉइंट आठ.

मग रजिस्टर उघडलं, कालच्या कंट्रोलच्या ओळीकडं बघितलं, आणि आजच्या ओळीत तेच आकडे लिहिले. शेवटचा आकडा थोडा बदलला, म्हणजे खरा वाटेल.

डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "खात्रीचा आहे ना?"

"हो," मी म्हटलं.

आईला दुर्बिणीसाठी नेलं. जठरात जखम निघाली, गुडघ्यांच्या गोळ्यांनी झालेली. कॅन्सर नव्हता. डॉक्टरांनी तिथंच रक्त थांबवलं. भाऊ बाहेर आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सुटलो गं." मी मान हलवली, खाली आले आणि कंट्रोल लावला. तो मर्यादेत आला, अगदी मधोमध. आईची नळी पुन्हा लावली. सात पॉइंट सात. म्हणजे रिपोर्ट बरोबरच होता.

मला हायसं वाटायला हवं होतं. मी स्टुलावर बसले आणि रजिस्टरमधली सकाळची ओळ पुन्हा वाचली.

आबांनी आपल्याला जे येतं ते नेकीनं केलं आणि ते चुकले. त्यांना दोष द्यावा तर त्यांच्याजागी कुणीही तेच मानलं असतं. सगळं आयुष्य त्या डोळ्यांनी त्यांना कधी फसवलं नव्हतं. आणि तरी त्यांच्या त्या खात्रीला त्या दिवशी काही अर्थ नव्हता, कारण ती जिथून येत होती तीच जागा बिघडली होती. मी मात्र मशीन तपासलेलं नाही हे ठाऊक असून "हो" म्हटलं, आणि बरोबर ठरले. मशीन तर खरंच ठीक होतं. मग माझं "हो" खरं की खोटं? कुणी म्हणेल, यंत्र नीट चाललं होतं, उत्तर नीट आलं, तुला माहीत नव्हतं एवढंच. पण ते नीट चालतंय हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते डॉक्टरांपासून लपवायला मी आकडे बनवले होते. आबांकडं खात्री होती. माझ्याकडं तीही नव्हती, घाई होती.

दुपारी मी मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्या आता निवृत्तीनंतरही अर्धा दिवस येतात, पूर्वीइतक्या कडक राहिलेल्या नाहीत.

"नंतर कंट्रोल बरोबर आला ना?" त्यांनी विचारलं.

"आला."

"मग सोडा आता. आई आहे तुमची. कुणी काही म्हणणार नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात मॅडम, काल बरोबर होतं याचा उपयोग नाही म्हणून."

त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "म्हणाले असेन," त्या म्हणाल्या. "तेव्हा माझी आई सुखरूप होती."

मी खाली येऊन त्या ओळीवर एक रेघ मारली, खाली लिहिलं, "कंट्रोल सकाळी लावला नव्हता, वरील आकडे खरे नाहीत," वेळ घातली, सही केली. दोन महिन्यांनी तपासणीला लोक आले तेव्हा त्यांनी ती ओळ बरोबर शोधून काढली. माझ्याकडून लेखी खुलासा घेतला गेला आणि तो माझ्या फाईलला लागला. शेजारची टेक्निशियन म्हणाली, "मॅडम, रेघ मारली नसती तर कुणाला कळलंही नसतं." ते खरं होतं.

आई दहाव्या दिवशी घरी गेली. महिन्याभरानं आबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेतच केलं, नंतर डाव्याचं. पट्टी काढल्यावर पहिले दोन दिवस ते आपल्याच हातांकडं, पटक्याकडं बघत बसायचे. गावी गेल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर सगळी मेंढरं एकेक करून धरली. मी त्या रविवारी तिथं होते. बावीसपैकी चार त्यांनी बाजूला काढली.

"ही कवाची आसली हायत," ते म्हणाले, "आन् मी रोज बघत हुतो."

त्या उन्हाळ्यात आमची तीन मेंढरं मेली होती. आबांनी औषधाला दोष दिला होता, दुकानदाराशी भांडणही केलं होतं. आता ते दगडावर बसले आणि मला म्हणाले, "डोळं नेमकं कवापासनं गेलं आसतील?"

"सांगता येत नाही, आबा. चार वर्षं, पाच वर्षं. हळूहळू जातात."

"मंजी गेल्या पाच सालांत मी जी जी म्हनलो..." ते थांबले. त्यांनी पापणी बघून विकलेली मेंढरं, ठेवलेली मेंढरं, शेजाऱ्यांनी मुद्दाम त्यांच्याकडं दाखवायला आणलेली, सगळी त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावीत. त्यातली कुठली बरोबर होती आणि कुठली नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. काही बरोबरही आली असतील. तीच त्यांना जास्त लागली असं मला वाटलं. चुकलेली निदान मेली तरी, बरोबर आलेली कशानं बरोबर आली हे कळायला वाटच नव्हती.

"आता दिसतंय न्हवं नीट?" मी विचारलं.

"दिसतंय," ते म्हणाले. "तवाबी दिसतच हुतं."

त्यानंतर शेजारचे लोक आले की ते मेंढरू बघतात, पण "एकदा सरकारी डॉक्टरलाबी दाव" म्हणतात. लोकांना ते आवडत नाही. पूर्वीसारखं ठाम सांगणारा माणूस त्यांना हवा असतो.

आता मी दर तीन महिन्यांनी आईचं रक्त काढते, घरीच, आणि मिरजेला आणून लावते. गेल्या खेपेला ती ओसरीवर जोंधळे पाखडत बसली होती. मी पट्टा बांधायला घेतला तसं तिनं सूप खाली ठेवून हात पुढं केला आणि विचारलं, "किती असंल गं आता?"

"मागच्या खेपंला अकरा होतं. चांगलं आहे."

"मला वाटतंयच चांगलं," ती म्हणाली. "तवा न्हवतं वाटत."

"कवा?"

"तवाच की. उनाळ्यात. तुमास्नी सांगत हुतो की मी, दम लागतुया, दम लागतुया. ह्यांनी डोळा बघितला आन् म्हनलं रगत हाय. तू ह्यांच्याकडं बघितलंस. माज्याकडं कुनी बघितलं?" तिच्या आवाजात राग नव्हता. जोंधळ्यातला खडा निघावा तसं ते निघालं होतं. "आंग माजं हुतं. मला ठावं हुतं बरं न्हाई त्ये."

"मग जोर करून का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की तीनदा. चौथ्यांदा मलाच वाटलं, ही दोघं म्हनत्यात तर आसंल वयाचंच."

मी सुई लावली. नळी भरली तशी सुई काढली. मग ती म्हणाली, "कापूस दाबून धर, मागच्या बारीला काळं पडलं हुतं." मी धरला. चारच्या गाडीला वेळ होता, पण ती म्हणाली भाकरी खाऊन जा, म्हणून मी चुलीपाशी बसले आणि तिनं वाढलं तेवढं खाल्लं.